इंग्लंडमध्ये पहिलं घर घेताना: सॉलिसिटरला काय सांगायचं, काय विचारायचं

ऑफर मान्य झाल्याचा एजंटचा फोन आला की आपल्या माणसांना वाटतं, घर झालं. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या क्षणी कायद्याने काहीच झालेलं नसतं. जमीन-घराचा करार लेखी हवा, त्यात सगळ्या अटी हव्यात आणि दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, हे १९८९ च्या कायद्याने ठरवलं आहे. तो करार पक्का व्हायला साधारण तीन-चार महिने लागतात. तोवर विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो (याला इथे गझम्पिंग म्हणतात) आणि तुम्हीही कारण न देता माघार घेऊ शकता. आपल्याकडे विसार देऊन शब्द बांधून घेतात, तशी जुन्या घरासाठी इथे पद्धत नाही. नव्या बांधकामात बिल्डर बुकिंगची रक्कम घेतो, पण तीही विसार नव्हे.

हे तीन-चार महिने कंटाळवाणे वाटतात, पण घेणाऱ्याला खरं संरक्षण याच काळात मिळतं. इथला कायदा घेणाऱ्याने चौकशी करावी असं धरून चालतो. विचारलेल्या प्रश्नाला विकणाऱ्याने खोटं उत्तर दिलं तर तो अडकतो, पण घराच्या दोषांची यादी आपणहून हातात ठेवायला तो बांधील नसतो. म्हणून प्रश्न वेळेत विचारले जाणं महत्त्वाचं, आणि ते विचारायला सॉलिसिटर, म्हणजे तुमचा वकील असतो. (स्कॉटलंडची पद्धत निराळी आहे. एडिंबरा-ग्लासगोला घर बघत असाल तर खालचं बरंचसं लागू होणार नाही.)

पहिली पायरी: सॉलिसिटर कोण हवा?

हे काम सॉलिसिटर करतो किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (मालमत्तेच्या हस्तांतराचं काम करणारा परवानाधारक) करतो. दोघंही चालतात. पहिल्यावर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीची देखरेख असते, दुसऱ्यावर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सची. नाव त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. मग तुमच्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य फर्मच्या यादीत, ती फर्म आहे का, ते विचारा. नसेल तर बँक स्वतःसाठी वेगळा वकील नेमते आणि खर्च नि वेळ दोन्ही वाढतात.

एजंट एखाद्या फर्मचं नाव सुचवेलच. ते घेणं बंधनकारक नाही. अशा शिफारशीमागे बहुतेकदा कमिशन असतं. किती आहे ते विचारलंत तर सांगावं लागतं. मला विचाराल तर, जिथे तुमची फाइल नेमकं कोण बघणार त्या माणसाचं नाव आणि थेट फोन मिळतो, ती फर्म थोडी महाग असली तरी घ्यावी.

कोटेशन बघताना एकूण आकडा बघून थांबू नका. त्यात फर्मची फी, त्यावरचा २० टक्के व्हॅट, आणि तिसऱ्यांना द्यायचे खर्च (सर्च म्हणजे घराबद्दलच्या नोंदींची चौकशी, लँड रजिस्ट्री म्हणजे मालकीची सरकारी नोंदणी, आणि ओळख तपासणी) असे भाग असतात. फ्लॅट असेल तर जादा, पालकांकडून भेट मिळालेले पैसे असतील तर जादा, लाइफटाइम आयसा (सरकारी बोनस मिळणारं बचत खातं) वापरणार असाल तर जादा, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ‘व्यवहार नाही तर फी नाही’ असं लिहिलं असलं तरी सर्चचे पैसे तोवर खर्च झालेले असतात आणि ते तुमचेच जातात.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. गृहकर्ज असेल तर हा सॉलिसिटर बहुधा तुमचा आणि बँकेचा, दोघांचाही असतो. त्यामुळे कर्जावर परिणाम होईल असं काही तुम्ही त्याला सांगितलंत, तर तुमच्या संमतीने त्याला ते बँकेला कळवावं लागतं. संमती दिली नाहीत तर तो काम सोडतो. त्याच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, कारण जे लपवलं जातं ते नेमकं शेवटच्या आठवड्यात वर येतं.

दुसरी पायरी: पैसे कुठून आले?

“माझेच पैसे, माझ्याच खात्यातले, यांना कशाला हव्यात सहा-सहा महिन्यांच्या स्टेटमेंट?” हा प्रश्न आपल्यातला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. २०१७ च्या मनी लाँडरिंगविरोधी नियमांखाली सॉलिसिटरला पैशाचा उगम तपासावाच लागतो. तुमच्यावर संशय आहे असा त्याचा अर्थ नाही.

पैसा भारतातून येणार असेल तर माग कागदावर अखंड दिसला पाहिजे. ठाण्याचा फ्लॅट विकला असेल तर नोंदणीकृत खरेदीखत, रक्कम जमा झालेलं खातं, कर भरल्याचा पुरावा, आणि तिथून इंग्लंडच्या खात्यात आलेली नोंद. मुदत ठेव मोडली असेल तर तिची पावती आणि बंद केल्याचं पत्र. मधेच कुणा मामाच्या खात्यातून पैसे फिरले असतील तर मामाचीही कागदपत्रं लागतात, म्हणून शक्यतो फिरवूच नका. मराठीतली कागदपत्रं असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा.

आई-वडील भेट म्हणून पैसे देत असतील तर त्यांच्याकडून सही केलेलं पत्र लागतं: ही भेट आहे, कर्ज नाही, परत मागणार नाही, आणि घरात आमचा कुठलाही हक्क नाही. ‘पुढे जमेल तसं परत देऊ’ असं घरात ठरलेलं असेल तर ते कर्जच आहे, आणि बँकेला तसंच सांगावं लागेल. हे बोलणं आई-बाबांशी ऑफर देण्याआधी करून घ्या.

भारतातल्या रहिवाशाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. आई आणि बाबा, दोघांची मर्यादा वेगवेगळी. वर्षात १० लाख रुपयांच्या वर जे पाठवलं जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापते. म्हणजे वडिलांनी एकट्याने ५० लाख पाठवले तर वरच्या ४० लाखांवर ८ लाख रुपये बाजूला जातात. ते विवरणपत्र भरताना वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात. हिशेब आधी करा आणि भारतातल्या सीएशी बोलूनच तारखा ठरवा.

तिसरी पायरी: भारतातलं घर आणि इथली स्टॅम्प ड्यूटी

सगळ्यात मोठी रक्कम जिथे चुकते ती जागा ही. इथे घाई करू नका.

इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२५ पासूनचे दर असे: पहिल्या १ लाख २५ हजार पौंडांवर काही नाही, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के, अडीच लाख ते ९ लाख २५ हजारांपर्यंत ५ टक्के, त्यावर १० आणि १५ लाखांच्या वर १२ टक्के. पहिलं घर घेणाऱ्याला सवलत आहे: ३ लाखांपर्यंत शून्य, ३ ते ५ लाखांवर ५ टक्के. किंमत ५ लाखांच्या वर गेली की सवलत पूर्णपणे जाते.

आता ‘पहिलं घर’ म्हणजे काय? इंग्लंडमधलं पहिलं, असं नव्हे. जगात कुठेही, कधीही राहण्याजोगं घर तुमच्या मालकीचं नव्हतं, असा त्याचा अर्थ आहे. पिंपरीचा वन बीएचके दहा वर्षांपूर्वी विकून टाकला असला तरी तुम्ही त्यात बसत नाही. वडील गेल्यावर सांगलीच्या घरात वारसाहक्काने तुमचा हिस्सा आला असेल तरीही बसत नाही. दोघं मिळून घेत असाल तर दोघांनीही अट पूर्ण करायला हवी. लाइफटाइम आयसातल्या सरकारी बोनसची अटही अशीच आहे, आणि तिथे घराची किंमत साडेचार लाखांच्या वर चालत नाही.

दुसरा भाग याहून जड आहे. घर घेण्याच्या दिवशी तुमच्या नावावर जगात कुठेही दुसरं घर असेल, आणि त्यातला तुमचा हिस्सा ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल, तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर ३ वरून ५ झाला. एकत्र राहणारे नवरा-बायको यासाठी एकच धरले जातात, म्हणून फ्लॅट बायकोच्या नावावर आहे आणि इथलं घर फक्त नवऱ्याच्या नावावर घेऊ, ही युक्ती चालत नाही.

चार लाख पौंडांच्या घरावर हे कसं बसतं ते बघा. खरोखर पहिलं घर असेल तर ५ हजार. पूर्वी कधी घर होतं पण आता नाही, तर १० हजार. पुण्यात फ्लॅट अजून आहे, तर ३० हजार. त्यात आधीच्या बारा महिन्यांत तुम्ही १८३ पेक्षा कमी दिवस इथे राहिला असाल तर अनिवासी म्हणून आणखी २ टक्के, म्हणजे ८ हजार. नुकतेच बदलीवर आलेल्यांनी हे दिवस मोजावेत.

काही सुटकेच्या वाटा आहेत. भारतातलं तुमचं स्वतःचं राहतं घर गेल्या तीन वर्षांत विकलं असेल आणि इथलं घर त्याच्या जागी राहण्यासाठीच घेत असाल, तर अधिभार टळू शकतो. गेल्या तीन वर्षांत वारशाने आलेला ५० टक्के किंवा कमी हिस्साही सहसा मोजत नाहीत. गावाकडची नुसती शेतजमीन म्हणजे घर नव्हे, ती धरत नाहीत. शेतावरचं राहतं घर मात्र सांगायला हवं. बाबांच्या घराच्या कागदावर ‘सोयीसाठी’ तुमचं नाव लावलं असेल, बांधकाम चालू असलेला फ्लॅट बुक केला असेल, वाडा भावकीत अजून वाटप न होता पडून असेल, तर यातल्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम कागद बघूनच ठरतो. पहिल्याच ईमेलमध्ये हे सगळं लिहून द्या. अनेक फर्म कराच्या गुंतागुंतीवर सल्ला देत नाहीत आणि करसल्लागाराकडे पाठवतात. तो खर्च करावा, कारण विवरणपत्र सॉलिसिटर भरत असला तरी त्यातल्या माहितीची जबाबदारी घेणाऱ्याचीच राहते.

वेल्समध्ये लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स असतो. तिथले दर वेगळे आहेत आणि पहिल्या घराची खास सवलत नाही.

चौथी पायरी: नावं कशी लावायची?

सॉलिसिटर विचारतो, जॉइंट टेनंट्स की टेनंट्स इन कॉमन? टेनंट म्हणजे इथे भाडेकरू नव्हे, मालकच. पहिल्या प्रकारात घर दोघांचं मिळून एक. एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. दुसऱ्या प्रकारात हिस्से ठरवता येतात, ६०-४० किंवा ९०-१०, आणि आपला हिस्सा मृत्युपत्राने कुणालाही देता येतो. एकीच्या माहेरून मोठी रक्कम आली असेल, किंवा दोन भाऊ मिळून घेत असतील, तर दुसरा प्रकार आणि सोबत डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट (कुणाचा किती हिस्सा ते लिहिलेला दस्त) करून घ्यावं. हे कागदावर ठेवल्याने नात्यात अविश्वास येतो असं मला वाटत नाही. मोघम ठेवल्यानेच पुढे भांडणं होतात.

आई-वडील तुमच्याकडे कायमचे राहायला येणार असतील आणि मालक नसतील, तर बँक त्यांच्याकडून संमतिपत्र मागते. घरात राहणाऱ्या १७ वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागू होतं.

पाचवी पायरी: कागद येतात, ते वाचा

विकणाऱ्याचा सॉलिसिटर कराराचा मसुदा पाठवतो, सोबत लँड रजिस्ट्रीचा उतारा आणि नकाशा. आपल्या सातबारासारखं याचं काम आहे, पण इथे नोंदणीमागे सरकारी हमी असते. मालक कोण, बोजा काय, वाटेचे हक्क कुणाचे, मनाई कशाची, हे सगळं त्यात येतं. नकाशावरची लाल रेघ मात्र हद्द इंचाइंचाने सांगत नाही, साधारण हद्द दाखवते. हॅरो, वेम्ब्लीकडे १९३० च्या दशकातली जोडघरं बघत असाल तर मधला ड्राइव्हवे सामाईक आहे का आणि मागच्या गॅरेजपर्यंत गाडी नेण्याचा हक्क नोंदलेला आहे का, ते नकाशा हातात घेऊन प्रत्यक्ष जागेवर बघा. सॉलिसिटर घर बघायला येत नाही. कुंपण नकाशापेक्षा वेगळं दिसतंय, मागे कुणीतरी पायवाट वापरतंय, हे फक्त तुम्हालाच दिसणार.

टीए६ हा विकणाऱ्याने भरलेला माहितीचा अर्ज. शेजाऱ्यांशी वाद, पूर, बांधकामाच्या परवानग्या, जपानी नॉटवीड (बांधकामाला त्रास देणारं, झपाट्याने पसरणारं तण). टीए१० मध्ये घरात काय ठेवून जाणार ते असतं. पडदे, कुकर, बागेतली शेड यात लिहिलं नसेल तर ते मिळेल असं धरू नका.

सर्च म्हणजे कौन्सिल (इथली नगरपालिका), पाणी-सांडपाणी आणि पर्यावरण यांच्या नोंदींची चौकशी. जुन्या खाणींच्या भागात कोळशाचीही. कौन्सिलचा सर्च बहुतेकदा त्या घरापुरता असतो. समोरच्या मोकळ्या जागेवर सहामजली इमारत मंजूर झाली असेल तर ती त्यात दिसेलच असं नाही. कौन्सिलच्या संकेतस्थळावर आजूबाजूचे नियोजन अर्ज स्वतः बघा.

सर्व्हे, म्हणजे घराच्या अवस्थेची तज्ज्ञाकडून तपासणी, वेगळा करून घ्या. बँकेचं व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं. साध्या, अलीकडच्या घराला लेव्हल २ पुरतो. व्हिक्टोरियन किंवा खूप फेरफार झालेल्या घराला लेव्हल ३. अहवाल आला की तो सॉलिसिटरला पाठवा, कारण दोघांचं काम एकमेकांत गुंतलेलं असतं.

समजा, सर्व्हेअर लिहितो की स्वयंपाकघर आणि जेवणघर यांमधली भिंत काढलेली आहे. सॉलिसिटर बिल्डिंग रेग्युलेशन्सचं (बांधकामाच्या नियमांचं) प्रमाणपत्र मागतो. विकणारा म्हणतो, नाही, पण इन्डेम्निटी पॉलिसी (एक प्रकारचा विमा) घेऊन देतो. ही पॉलिसी स्वस्त असते आणि बँकेला पुरते. पण कौन्सिलने कारवाई केली तर होणारं नुकसान ती भरून देते. वरचं बीम धड आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला आत नेऊन दाखवा. आणि काळजीपोटी कौन्सिलला फोन करू नका, कारण तुम्ही कौन्सिलला कळवलंत की बहुतेक पॉलिसी मिळतच नाही. आधी सॉलिसिटरला विचारा.

सहावी पायरी: फ्लॅट असेल तर लीज

इथले बहुतेक फ्लॅट लीजवर असतात. तुम्ही काही वर्षांचा हक्क विकत घेता, जमीन फ्रीहोल्डरची, म्हणजे कायमच्या मालकाची. उरलेली वर्षं किती, हा पहिला प्रश्न. ८० च्या खाली गेली की मुदत वाढवणं बरंच महागतं, आणि ९० च्या आसपास असतानाच बँका आणि पुढचे घेणारे कुरकुरायला लागतात. हा नियम बदलणारा कायदा २०२४ मध्ये मंजूर झाला, पण त्यातले सगळे भाग एकदम अमलात आलेले नाहीत. त्यातली दोन वर्षं मालकी झाल्याशिवाय मुदतवाढ मागता येत नाही, ही अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. बाकीच्याची आजची स्थिती सॉलिसिटरकडून लेखी घ्या.

३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं भाडं) नाही. जुन्या लीजवर असतो, आणि तो दर दहा वर्षांनी दुप्पट होणारा असेल तर तो फ्लॅट सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब, राखीव निधीत किती शिल्लक, आणि मोठ्या दुरुस्तीची सेक्शन २० नोटीस निघाली आहे का, ही उत्तरं आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ११ मीटरपेक्षा उंच इमारतीत बाहेरच्या आवरणाच्या आगसुरक्षेबद्दलही विचारा.

सातवी पायरी: एक्स्चेंज

सगळी उत्तरं आली, कर्जाचं पत्र हाती आलं, तारीख ठरली की तुम्ही करारावर सही करता. हस्तांतराच्या आणि कर्जाच्या दस्तावर साक्षीदार लागतो. तो समोर हजर असावा आणि घरातला नसावा. मग दोन सॉलिसिटर फोनवर बोलतात आणि सह्या झालेल्या करारांची अदलाबदल होते, हेच एक्स्चेंज. दुय्यम निबंधकाकडे रांग नाही, अंगठा-फोटो नाही. त्या फोननंतर मात्र माघार नाही: १० टक्के अनामत गेली, शिवाय नुकसानभरपाई. तुमच्याकडे ५ टक्केच असतील तर ते आधी ठरवून घ्यावं लागतं.

भाड्याच्या घराची नोटीस एक्स्चेंजच्या आधी देऊ नका. फ्रीहोल्ड घर असेल तर इमारतीचा विमा एक्स्चेंजच्या दिवसापासून सुरू करा, कारण नेहमीच्या अटींनुसार त्या दिवसापासून घराची जोखीम तुमच्यावर येते, चावी हातात नसली तरी.

आठवी पायरी: पैसे पाठवणं आणि चावी

या टप्प्यावर ठग टपून असतात. सॉलिसिटरच्या नावाने ईमेल येतो, “आमचं खातं बदललं आहे, रक्कम इथे पाठवा.” मजकूर, लोगो, फाइलचा क्रमांक, सगळं खरं दिसतं. पहिल्या भेटीत खातं लिहून घ्या. पाठवण्याआधी, ईमेलमधल्या नव्हे तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून अंक वाचून खात्री करा. मग आधी एक पौंड पाठवा, पोचल्याचं तोंडी ऐका आणि नंतर उरलेले. भारतातून येणारी रक्कम आठवडाभर आधी इथल्या तुमच्या खात्यात आणून ठेवा.

कंप्लीशनच्या (व्यवहार पूर्ण होऊन ताबा मिळण्याच्या) दिवशी विकणाऱ्याच्या सॉलिसिटरने पैसे मिळाल्याचं कळवलं की एजंट चावी देतो. शुक्रवार टाळता आला तर टाळा. बँकेकडून पैसे अडकले तर शनिवार-रविवार सामानासकट रस्त्यावर जातो.

चावीनंतर

स्टॅम्प ड्यूटीचं विवरणपत्र आणि पैसे १४ दिवसांत जायला हवेत (वेल्समध्ये ३०). ते गेल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. मग नोंदणीचा अर्ज जातो. नाव लागायला कित्येक महिने लागू शकतात, विशेषतः नव्या फ्लॅटला. अर्ज दाखल असेल तर घाबरण्याचं कारण नाही. उताऱ्याची नवी प्रत आली की नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा. आपल्या नावातली वडिलांची-नवऱ्याची मधली नावं हमखास गाळली किंवा उलटसुलट केली जातात.

लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी अलर्ट सेवा मोफत आहे. नोंदवून ठेवलंत तर तुमच्या घराच्या नोंदीवर काही हालचाल झाली की ईमेल येतो. भारतात लांब सुट्टीवर जाणाऱ्यांनी आणि घर भाड्याने देणाऱ्यांनी तर नक्कीच घ्यावी.

मृत्युपत्र याच महिन्यात करा. नसेल, आणि मुलं असतील, तर इंग्लंडच्या कायद्याने कायदेशीर जोडीदाराला पहिले ३ लाख २२ हजार पौंड आणि उरलेल्याचा निम्मा भाग मिळतो, बाकी मुलांना. भारतातल्या मालमत्तेसाठी आधीच मृत्युपत्र केलेलं असेल तर ते सॉलिसिटरला दाखवा, म्हणजे नव्याने जुनं चुकून रद्द होणार नाही.

सॉलिसिटरच्या कामाबद्दल तक्रार असेल तर आधी त्याच फर्मकडे लेखी करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे) जाता येतं. फर्मचं शेवटचं उत्तर मिळाल्यापासून तिथे जायला सहा महिन्यांची मुदत असते.